अब्राहाम आणि इसहाक: १९ वचनांची कथा आणि तिच्यातल्या मोकळ्या जागा

बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या २२ व्या अध्यायातली ही कथा जेमतेम १९ वचनांची आहे. मुलाला, इसहाकाला, मोरिया प्रदेशात नेऊन त्याचं होमार्पण कर, म्हणजे बळी देऊन वेदीवर जाळ, असं देव यहुद्यांच्या मूळपुरुषाला, अब्राहामाला, सांगतो. तीन दिवसांची वाट, वेदी, उचललेला सुरा, ऐन वेळी देवदूताची हाक आणि झुडपात शिंगं अडकलेला एडका. यहुदी परंपरेत या कथेला ‘अकेदा’, म्हणजे ‘बांधणं’, म्हणतात.

ही कथा अब्राहामाच्या चरित्रात अगदी जाणीवपूर्वक बसवली आहे. १२ व्या अध्यायात त्याला पहिली हाक आली: देश, नातलग आणि बापाचं घर सोडून नीघ. ‘नीघ’ची तीच खास हिब्रू धाटणी पुन्हा येते ती थेट इथं. आज्ञाही तशीच पायरीपायरीनं आवळत जाते: तुझा मुलगा, एकुलता एक, ज्याच्यावर तुझी माया आहे तो, इसहाक. पहिल्या वेळी त्यानं भूतकाळ सोडला होता; आता भविष्यच मागितलं आहे.

कथेचा गाभा मला वाटेतल्या संवादात दिसतो. विस्तव आहे, लाकडं आहेत, मग कोकरू कुठं आहे, असं मुलगा विचारतो. कोकरू देव स्वतः पाहून घेईल, असं बाप म्हणतो. या बोलण्याच्या आधी एक वाक्य आहे: ‘ते दोघे बरोबर चालले.’ बोलणं संपल्यावर अक्षरशः तेच वाक्य पुन्हा येतं. पहिल्यांदा वाचताना इसहाकाला काहीच ठाऊक नसतं. दुसऱ्यांदा वाचताना मनात येतं, त्याला कळलं असेल, आणि तरी तो चालतो आहे. बापलेकांचं याखेरीज एकही संभाषण या ग्रंथात नोंदलेलं नाही. शेवटी डोंगरावरून परतणारा म्हणून फक्त अब्राहामाचं नाव येतं. पुढच्या अध्यायाच्या सुरुवातीलाच इसहाकाची आई सारा मरण पावते.

या मोकळ्या जागा पुढच्या पिढ्यांनी भरल्या. मोरिया हे नाव हिब्रू बायबलमध्ये आणखी एकदाच येतं, ‘दुसरा इतिहास’ या पुस्तकाच्या ३ ऱ्या अध्यायात, शलमोनाच्या मंदिराची जागा म्हणून. साराचा जीव ही बातमी ऐकून गेला, असं मिद्राशनं, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या जुन्या बायबल-विवरणांनी, सांगितलं. ११ व्या शतकात राशी या यहुदी भाष्यकारानं ते आपल्या टीकेत घेतलं. रोश हशानाला, म्हणजे यहुदी नववर्षाला (कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाचा ‘नव्याचा सण’), एडक्याचं शिंग का फुंकतात, याचं उत्तर तल्मूद हा यहुदी धर्मग्रंथ याच एडक्यात शोधतो. सिरियातल्या दुरा-युरोपस इथल्या ३ ऱ्या शतकातल्या सभास्थानात तोराच्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या गुंडाळ्यांच्या, कोनाड्यावर हाच प्रसंग रंगवलेला सापडला.

सगळ्यांत जड वाचन १०९६ चं आहे. पहिल्या धर्मयुद्धात, म्हणजे युरोपातल्या ख्रिस्त्यांच्या जेरुसलेमवरच्या मोहिमेत, जर्मनीतल्या ऱ्हाईन नदीकाठच्या माइन्झसारख्या शहरांत जमावानं यहुद्यांना घेरलं. सक्तीच्या बाप्तिस्म्याऐवजी अनेक आईबापांनी स्वतःच्या हातांनी मुलांचा आणि आपला जीव घेतला. हे लिहून ठेवणाऱ्या हिब्रू बखरकारांनी अकेदाचीच आठवण काढली आणि देवाला विचारलं, की तेव्हा एकासाठी आकाशातून हाक आली, मग आज इतक्या जणांसाठी का नाही?