कासव-विणीचे किनारे, गोवा

समुद्री कासवांच्या विणीसाठी गोव्यात राखलेले चार किनारे : पेडणे तालुक्यातील मोरजी व मांद्रे आणि काणकोण तालुक्यातील आगोंद व गालजीबाग. २०११ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेतील गोव्यापुरत्या विशेष तरतुदींत या चारांचा नामनिर्देश असून तेथे विकासकामांना मनाई आहे. येथे येणारी कासवे बहुतांशी ऑलिव्ह रिडले जातीची असतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत तिचा समावेश होतो.

ओडिशातील गहिरमाथ्यासारखी सामूहिक वीण गोव्यात होत नाही. माद्या रात्री एकेकट्या येतात, मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च या काळात, आणि नेमका तोच पर्यटनाचा भर हंगाम असतो. मादीला भरतीरेषेच्या वरची कोरडी वाळू लागते. शॅकच्या (किनाऱ्यावरील तात्पुरत्या उपाहारगृहांच्या) खाटाही तेथेच मांडल्या जातात. ४५ ते ६० दिवसांनी वाळूतून वर आलेली पिले उजळ क्षितिजाकडे धावतात. मागे सुरूच्या झाडांची काळी रांग असली, तर उजळ बाजू समुद्राचीच ठरते. रांगेआड एखादा प्रखर दिवा असला, तर पिले जमिनीकडे वळतात.

पूर्वी अंडी काढून खाण्याचा व विकण्याचा प्रघात होता. मोरजीतील संघटित संरक्षणाचा आरंभ सामान्यतः १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात मानला जातो. प्रचलित पद्धतीत घरट्याभोवती कुंपण घालून पहारा ठेवतात किंवा अंडी उबवणी केंद्रात हलवतात. या दुसऱ्या उपायाविषयी मतभेद आहेत. अंडी घातल्यावर काही तासांतच गर्भ कवचाच्या आतील पडद्याला चिकटतो. त्यानंतर अंडे फिरले तर तो दगावण्याचा संभव असतो, म्हणून अंडी लवकर आणि वरची बाजू वरच ठेवून हलवावी लागतात. शिवाय पिलाचे लिंग उबवणकाळातील वाळूच्या तापमानावर ठरते. साधारण २९ ते ३१ अंश सेल्सियसच्या आसपास नर-मादी प्रमाण समतोल राहते, त्याहून उष्ण वाळूत माद्या वाढतात. त्यामुळे केंद्रावर सावली किती, हा प्रश्नही किरकोळ ठरत नाही. ज्या घरट्यावर भरतीचे पाणी चढते ते हलवणे सर्वमान्य आहे. मात्र केवळ खाटांना वाट देण्यासाठी घरटे हलवणे, हे संरक्षणापेक्षा तडजोडीच्या जवळचे वाटते. जागच्या जागी उबवणीचा पक्ष अधिक सयुक्तिक दिसतो. त्यासाठी दिवे झाकणे, रात्रीचे संगीत आवरणे आणि वाळूवर वाहने न आणणे एवढे पुरेसे नाही, तर वाळूच्या टेकड्या व त्यांना धरून ठेवणारी मर्यादवेलही राखावी लागते.

मोरजीत विणीची जागा मुख्यतः शापोरा नदीच्या मुखाजवळ, तेंबवाडा भागात आहे. आगोंदला किनाऱ्यालगत पर्यटकांच्या झोपड्यांची दाटी आहे. सुरूच्या बनामागे वसलेले गालजीबाग चौघांत सर्वांत कमी वर्दळीचे राहिले आहे.