गाठीतल्या मॅक्रोफेज: राखणदार की कॅन्सरच्या हस्तक? एका वादाची पार्श्वभूमी

कॅन्सरच्या गाठीत पांढऱ्या पेशी सापडतात, हे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरशो यांनी १८६३ सालीच नोंदवले. जुनाट दाह असतो तिथे गाठ उगवते, असा त्यांचा कयास होता. पण वीसेक वर्षांत पारडे फिरले. १८८२ मध्ये रशियन जीवशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ यांनी इटलीतल्या मेसिना इथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला, तर भटक्या पेशी त्याभोवती गोळा झाल्या. या भक्षक पेशी (त्यांतल्या मोठ्या त्या मॅक्रोफेज) राखणदार ठरल्या आणि गाठीतही त्या लढायलाच येतात, असे धरून चालले.

उपचारांनी या समजुतीला बळ दिले. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक विल्यम कोली १८९१ पासून सार्कोमाच्या (हाडे, स्नायू अशा ऊतींच्या कॅन्सरच्या) रुग्णांना जिवाणू टोचत. काहींच्या गाठी विरघळल्या, काही संसर्गाने दगावले. पुढे मारलेले जिवाणू वापरूनही मात्रा नीट बसेना. क्षयावरची जिवंत जिवाणूंची लस, बीसीजी, मात्र टिकली. कॅनडात अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरच्या ९ रुग्णांवरचे निष्कर्ष मांडले. आजही रीत जवळपास तीच: मूत्राशयाच्या अस्तरातली गाठ खरवडल्यावर किमान दोन आठवडे थांबायचे, मग कॅथेटरने ५० मिली सलाइनमधली जिवंत बीसीजी आत सोडायची, दोन तास लघवी रोखायची, दर आठवड्याला एकदा, असे सहा डोस. कॅथेटर घालताना रक्त दिसले तर डोस पुढे ढकलतात, नाहीतर जिवाणू थेट रक्तात जातात. अस्तरात आधी न्यूट्रोफिल उतरतात, पाठोपाठ मॅक्रोफेज, एनके आणि टी पेशी; या साऱ्या पांढऱ्या पेशीच. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट यासाठी ४० मिग्रॅची वेगळी कुपी बनवते.

स्तनाच्या कॅन्सरने सगळे उलटे केले. गाठ म्हणजे न भरणारी जखम, असे हॅरल्ड ड्व्होरॅक यांनी १९८६ मध्ये मांडले होते: जखम भरताना मॅक्रोफेज रक्तवाहिन्या वाढवतात, ऊती मोकळ्या करतात, आणि गाठ त्यांच्याकडून तेच करून घेते. २००१ मध्ये जेफ्री पोलार्ड यांच्या गटाने स्तनाचा कॅन्सर होणारे, पण मॅक्रोफेजना लागणारे सीएसएफ-१ हे प्रथिन नसलेले उंदीर तपासले. मूळ गाठ वाढायची तशी वाढली, पण फुप्फुसात पसरायला उशीर झाला.

मोठ्या आतड्यात पुन्हा वेगळेच. तिथे गाठीच्या कडेला मॅक्रोफेज दाट असतील तर काही अभ्यासांत रुग्ण जास्त जगलेले दिसतात. म्हणून नुसत्या सीडी६८ रंगावर (सीडी६८ हे पेशीतले एक ओळखखूण-प्रथिन) मोजलेल्या आकड्याला आमच्या लेखी फार किंमत नाही. तो रंग सगळ्याच मॅक्रोफेजना लागतो. पेशी कडेला आहेत की आत, सीडी१६३ ही दुसरी खूण दाखवतात की नाही, हेही पाहावे लागते.

औषधांतही हाच गोंधळ. सीएसएफ-१ चा ग्राहक (पेशीवर ते जिथे चिकटते ती जागा) अडवणाऱ्या पेक्सिडार्टिनिबला २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, ती सांध्यांच्या एका दुर्मिळ गाठीसाठी. तिथे थोड्याशा गाठपेशीच सीएसएफ-१ सोडून बाकीची गर्दी जमवतात, त्यामुळे तो धागा तोडला की गाठ आटते. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरमध्ये मॅक्रोफेज भरपूर असूनही तेच औषध फिके पडले; बहुधा तिथे कॅन्सरपेशी फक्त त्या एका धाग्यावर अवलंबून नसतात.