पोह्यांचा डाग आणि 222वी जागा

इंदुरात रविवारी सकाळी पांढऱ्या शर्टावर पोहे सांडले की पुढचं ठरलेलं असतं: ‘एन्झाइमवाली पावडर आहे ना, त्यात भिजत टाक.’ तासाभरानं पाहावं तर पिवळा डाग लालसर झालेला. मग पावडर भेसळीची ठरते. पण हळदीतलं कर्क्युमिन ना प्रथिन, ना स्टार्च, ना तेल. पोह्यांवरचं तेल लायपेज सोडवतं, स्टार्च अमायलेज तोडतं. कर्क्युमिनला हात लावणारं एन्झाइम नेहमीच्या पावडरीत नसतंच. सोड्यामुळे पाणी अल्कधर्मी होतं आणि तशा पाण्यात हळद लाल होते, कुंकवासारखी. तो शर्ट खळबळून ओलाच उन्हात टाकावा. कर्क्युमिन उन्हात तुटतं.

दुसरा गैरसमज असा की एन्झाइम म्हणजे पावडरीत भरलेले जिवंत जंतू. ते नुसतं प्रथिन असतं, अमिनो आम्लांची घडी घातलेली माळ. दूध, रक्त, अंडं, घामट कॉलर यांसाठी पावडरीत जे प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं तोडणारं एन्झाइम, घालतात, त्याचा मूळपुरुष सबटिलिसिन. मातीतले बॅसिलस जातीचे जिवाणू अन्न पचवायला ते बाहेर सोडतात. माळेत मणी 275. गंमत अशी की ब्लीचवाल्या पावडरीच्या बादलीत हे नैसर्गिक सबटिलिसिन फार टिकत नाही, आणि त्याचं कारण एका मण्यात आहे.

आधी त्याचं काम पाहू. माळेची घडी पडली की दूरदूरचे तीन मणी शेजारी येतात: 32व्या जागेचं अस्पार्टिक आम्ल, 64व्या जागेचं हिस्टिडिन आणि 221व्या जागेचं सेरिन. हिस्टिडिन सेरिनचा हायड्रोजन ओढून घेतं, अस्पार्टिक आम्ल हिस्टिडिनला सावरून धरतं. हायड्रोजन गेलेला सेरिनचा ऑक्सिजन आक्रमक होतो आणि डागातल्या प्रथिनाचे मणी जोडणाऱ्या पेप्टाइड बंधातल्या कार्बनवर तुटून पडतो. त्या झटापटीत बंधातल्या ऑक्सिजनवर क्षणभर ऋण भार येतो. त्याला धरायला 155व्या जागेच्या ॲस्परॅजिनपाशी एक छोटा खळगा असतो. तिथे तो नीट बसला तरच बंध तुटतो.

आता सेरिनच्या अगदी शेजारी, 222व्या जागी, मिथिओनिन आहे. त्यात गंधक असतो. पावडरीत सोडियम परकार्बोनेटसारखं ब्लीच असेल तर पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं आणि गंधकाला एक ऑक्सिजन चिकटतो. एवढ्याशा जागेत एक जादा अणू आला की खळग्यापाशी दाटी होते आणि एन्झाइमची कात्री जवळजवळ बंद पडते. म्हणजे डागासाठी घातलेलं ब्लीच आधी एन्झाइमचाच काटा काढतं.

1985 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी या एका जागी बाकीची 19 अमिनो आम्लं एकेक करून बसवून पाहिली. सिस्टिन बसवलं तर वेग मूळ मिथिओनिनपेक्षाही वाढला, पण त्यातही गंधक, त्यामुळे पेरॉक्साइडपुढे तेही लंगडं. ॲलनिन बसवल्यावर वेग साधारण निम्म्यावर आला, पण पेरॉक्साइडमध्ये ते तग धरून राहिलं. धुण्यासाठी निम्म्या वेगाचं टिकाऊ एन्झाइम पाच मिनिटांत मरणाऱ्या तेज एन्झाइमपेक्षा परवडतं.

आज हा बदल असा करतात. जनुकात मिथिओनिनचा शब्द ‘एटीजी’. त्याचा ‘जीसीजी’ केला, म्हणजे दोनच अक्षरं बदलली, की ॲलनिन. मध्यभागी बदल आणि दोन्ही बाजूंना 12 ते 15 जुळणारी अक्षरं असा सुमारे 30 अक्षरांचा प्रायमर, म्हणजे डीएनएचा छोटा तुकडा, मागवायचा, पीसीआरनं, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायच्या पद्धतीनं, सगळं प्लाझ्मिड (जनुक असलेलं डीएनएचं गोल कडं) नव्यानं उतरवायचं, मग डीपीएन-वन हे एन्झाइम घालून 37 अंशांवर तासभर ठेवायचं. ते जिवाणूनं मिथाइलची खूण केलेलं जुनं डीएनए कापतं, नव्याला खूण नसल्यानं सोडतं. ही पायरी आखडती घेतली की ते डीएनए जिवाणूंत घातल्यावर ताटलीत उगवलेल्या त्यांच्या वसाहती बऱ्याचशा जुन्याच निघतात. आणि नव्या जनुकातला अक्षरांचा क्रम वाचताना फक्त 222वी जागा वाचून थांबू नये. पीसीआरनं दुसरीकडे चूक केलेली असू शकते.

कुठला मणी बदलावा हेच माहीत नसेल तर? 275 जागी प्रत्येकी 19 पर्याय, म्हणजे एकेक बदलाचे 5,225 प्रकार, दोन-दोन बदलांचे 1 कोटी 36 लाखांवर. म्हणून अमेरिकी शास्त्रज्ञ फ्रान्सेस अरनॉल्ड यांनी मुद्दाम चुका करणारा पीसीआर वापरून निवड पुढच्या पिढ्यांवर सोपवली. त्या कामाला 2018चं रसायनशास्त्राचं अर्धं नोबेल मिळालं. इथली खोच निवडीत आहे. दूध घातलेल्या आगरावर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीवर, ज्या वसाहतीभोवती पारदर्शक कडं मोठं, ती निवडली तर दूध पचवणारं एन्झाइम हाती येतं, डाग काढणारं येईलच असं नाही. चाचणी शेवटी डागाळलेल्या कापडावर, पावडरीच्याच पाण्यात घ्यावी लागते.

जाता जाता घरच्या ‘बायो-एन्झाइम’विषयी. गूळ 1 भाग, फळांच्या साली 3, पाणी 10, तीन महिने डब्यात. स्वच्छतेत नाव काढलेल्या आपल्या गावात त्याचं फार कौतुक. तयार होतं ते मुख्यतः आंबूस, आम्लधर्मी पाणी. फरशी पुसायला ठीक. त्यानं नद्या शुद्ध होतात, दुखणी बरी होतात, हे सगळं थोतांड. आणि संडासाच्या ब्लीचमध्ये ते कधीच ओतू नये, क्लोरीन वायू सुटतो.

बोअरिंगच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही म्हणून आपण कुरकुरतो; सबटिलिसिनला मात्र त्यातलं कॅल्शियम हवंच असतं, त्यानं घडी घट्ट राहते. पावडरीतले पाणी मऊ करणारे घटक तेच कॅल्शियम पळवतात, म्हणून माळेतला कॅल्शियम धरणारा फासाच कापून, बाकी घडी दुसऱ्या बदलांनी सावरलेलं सबटिलिसिनही घडवलं गेलं.

पाणी कोमट, साधारण 40 अंश, आणि अर्धा तास भिजवणं पुरतं. उकळतं पाणी घातलं तर एन्झाइमची घडी उसवते, शिवाय दुधाचा आणि रक्ताचा डाग कापडात पक्का बसतो. माहेश्वरी साडी या बादलीत नको. तिचा ताणा रेशमाचा, आणि रेशीम म्हणजे प्रथिनच. सबटिलिसिनला डागातलं प्रथिन आणि साडीतलं प्रथिन यांतला फरक कळत नाही.