चालण्याचा आणि धावण्याचा वेग : माणसामाणसांतील फरक

सपाट रस्त्यावर, कसलीही घाई नसताना, धडधाकट प्रौढ माणूस ताशी साधारण ४.५ ते ५.५ किलोमीटर वेगाने चालतो. उंच, बुटकी, व्यायाम करणारी, न करणारी अशी कितीही माणसे घेतली तरी बहुतेक जण या अरुंद पट्ट्यातच सापडतात. धावण्याचे तसे नाही. याच माणसांना दहा किलोमीटर पळायला लावले, तर कोणी चाळीस मिनिटांत येतो आणि कोणी दीड तासाने. चालताना माणसे जवळपास सारखी असतात, पळताना पांगतात. याचे कारण असे, की दोन्ही क्रियांचे लगाम वेगळ्या ठिकाणी आहेत. चालण्याला लगाम घालतात पायांची लांबी आणि गुरुत्वाकर्षण; लांब पल्ल्याच्या धावण्याला हृदय, फुप्फुसे आणि स्नायू यांची ऑक्सिजन वापरण्याची ताकद.

मोजण्याची रीतही वेगळी आहे. चालण्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये किंवा सेकंदाला मीटरमध्ये सांगतात. पळणारी मंडळी उलटा हिशेब करतात : एका किलोमीटरला किती मिनिटे लागली, तो ‘पेस’. ‘सहाचा पेस’ म्हणजे ताशी १० किलोमीटर. या हिशेबात एक फसगत आहे. आठचा पेस सातवर आणला तर वेग ताशी एका किलोमीटरने वाढतो. पाचचा चारवर आणायचा तर तीन किलोमीटरने. वरकरणी दोन्हीकडे सुधारणा एकाच मिनिटाची.

चालण्याची मर्यादा

चालताना एक पाय सतत जमिनीवर असतो आणि तो जवळजवळ ताठ असतो. शरीर त्या पायावरून कमानीसारख्या वाटेने पुढे जाते, म्हणजे उलटा टांगलेला लंबकच. वर चढताना वेग थोडा कमी होतो, उतरताना परत मिळतो, आणि या देवघेवीत बरीच ऊर्जा वाचते. फार सावकाश चालले तर ही देवघेव नीट होत नाही. फार झपझप चालले तरी होत नाही. त्यामुळे एक किलोमीटर चालायला किती ऊर्जा लागते याचा आलेख काढला तर तो मधोमध खोलगट येतो, आणि त्याचा तळ सेकंदाला १.२ ते १.४ मीटरच्या आसपास असतो. कोणी न सांगता माणूस जो वेग धरतो तो नेमका हाच. रमतगमत खरेदी करताना पाय जास्त दमतात याचेही एक कारण इथे आहे, दुकानांपुढे उभे राहणे हे दुसरे.

हा लंबक पायाच्या लांबीवर अवलंबून असतो. विल्यम फ्रूड या ब्रिटिश अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात जहाजांच्या छोट्या प्रतिकृतींवरून मोठ्या जहाजांचा अंदाज बांधण्यासाठी एक गुणोत्तर वापरले. त्याचेच रूप प्राण्यांच्या चालीला लावतात : वेगाचा वर्ग भागिले (गुरुत्वत्वरण गुणिले पायाची लांबी). हे गुणोत्तर सुमारे ०.५ झाले की माणूस आपसूक पळू लागतो. रॉबर्ट मॅक्नील अलेक्झांडर या प्राणिशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये याच विचाराने डायनोसॉरच्या पाऊलखुणांवरून त्यांचा वेग काढून दाखवला.

आकडे घालून पाहिले की रोजच्या एका दृश्याचा उलगडा होतो. ९० सेंटीमीटर पायाच्या प्रौढाला पळावेसे वाटू लागते ताशी साडेसात किलोमीटरला. ५० सेंटीमीटर पायाच्या, म्हणजे बालवाडीच्या वयाच्या मुलाला तेच ताशी साडेपाचला. आई बस पकडायला ताशी सहाने निघाली की तिच्या दृष्टीने ती फक्त भरभर चालते आहे. बोट धरलेल्या मुलाला मात्र दुडूदुडू पळण्यावाचून इलाज नाही. त्याची आरामाची चाल ताशी साडेतीनच्या पुढे फारशी जात नाही. ‘पाय उचल की जरा’ हे त्याला ऐकवणे अन्यायाचेच आहे.

चंद्रावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एकषष्ठांश. तिथे प्रौढाचीही चाल ताशी तीनच्या आसपास संपायला हवी, असे हे गणित म्हणते. अपोलो मोहिमांतले अंतराळवीर उड्या टाकत का फिरत होते, त्यामागे अवजड पोशाखाइतकाच हाही भाग आहे.

ही मर्यादा जाणूनबुजून ओलांडणारा एकच खेळ आहे, चालण्याची शर्यत. एक पाय सतत जमिनीला टेकलेला हवा आणि पुढे टाकलेला पाय जमिनीला लागल्यापासून शरीराखाली येईपर्यंत गुडघ्यात ताठ हवा, या दोन नियमांत राहून उत्तम खेळाडू २० किलोमीटर ८० मिनिटांच्या आत संपवतात, म्हणजे ताशी १५ किलोमीटरपेक्षा जास्त. कंबर वळवून आणि खालीवर करून ते ती कमान सपाट करतात. बघायला ते विचित्र दिसते खरे, पण हसणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्या वेगाने दहा मिनिटे पळताही येणार नाही.

धावण्यातली तफावत

पळताना दोन्ही पाय क्षणभर हवेत असतात. टाच-शिर आणि तळव्याची कमान ताणली जाते, पुन्हा आखडते आणि थोडी ऊर्जा परत देते. चालण्यासारखा स्वस्त वेग इथे ठळकपणे सापडत नाही. सावकाश पळा नाहीतर जोरात, एका किलोमीटरचा खर्च जवळजवळ तोच, दर किलो वजनामागे सुमारे एक किलोकॅलरी. मग वेग ठरतो तो ऊर्जा किती झपाट्याने पुरवता येते यावर.

ढोबळ हिशेब असा. एक किलोमीटर पळायला दर किलो वजनामागे साधारण २०० मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. व्यायामाची सवय नसलेला तरुण मिनिटाला दर किलोमागे जास्तीत जास्त ४० मिलिलिटर वापरू शकतो असे धरू, आणि त्यातला तीनचतुर्थांश तो तासभर टिकवतो असेही धरू. वेग येतो ताशी ९ किलोमीटर. अव्वल धावपटूची कमाल ७५ असते आणि तो तिचा ८५ टक्के भाग टिकवतो : ताशी १९. आता त्याचा दर किलोमीटरचा खर्च २०० ऐवजी १८० धरा, तर तोच माणूस ताशी २१ च्या पुढे जातो. म्हणजे इंजिनाची ताकद, ती किती ताणता येते ते, आणि मायलेज, या तिन्ही गोष्टी माणसागणिक बदलतात आणि एकमेकींना गुणल्या जातात. चालण्यात अशी गुणाकाराची भानगड नाही, कारण रमतगमत चालायला त्या इंजिनाचा लहानसा हिस्सा पुरतो.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे हे जवळचे उदाहरण. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२४ साली पॅरिसला त्याने ८ मिनिटे ९.९१ सेकंदांची वेळ दिली, तीही अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत. त्याआधी २०२० मध्ये दिल्लीत त्याने अर्ध मॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत संपवली होती. पेस दर किलोमीटरला २ मिनिटे ५२ सेकंद. केनियाच्या केल्व्हिन किप्टुमने २०२३ मध्ये शिकागोत पूर्ण मॅरेथॉन २ तास ३५ सेकंदांत पळून काढली, तीही जवळपास याच पेसने, पण अंतर दुप्पट. या पातळीवर फरक वेग गाठण्यात उरत नाही, तो किती वेळ टिकतो त्यात असतो.

सराव किती उपयोगी पडतो, हेही सगळ्यांचे सारखे नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या कुटुंबांवर झालेल्या ‘हेरिटेज’ अभ्यासात शेकडो बैठ्या लोकांना २० आठवडे एकसारखा व्यायाम दिला गेला. काहींची ऑक्सिजन वापरण्याची कमाल मर्यादा भरपूर वाढली, काहींची जवळजवळ जागची हलली नाही, आणि हा फरक बऱ्याच अंशी घराण्यागणिक दिसला. ‘मेहनत घेतली की सगळ्यांना जमते’ हे प्रशिक्षकांचे वाक्य त्यामुळे अर्धेच खरे आहे. मात्र त्या अभ्यासात ज्यांची ही मर्यादा हलली नाही त्यांना व्यायामाचे इतर फायदे मिळालेच नाहीत, असा त्याचा अर्थ नाही.

कमी अंतराच्या शर्यतीत ऑक्सिजनचा प्रश्न मागे पडतो. युसेन बोल्टने १६ ऑगस्ट २००९ रोजी बर्लिनमध्ये १०० मीटर ९.५८ सेकंदांत पार केले, तेव्हा मधल्या टप्प्यात त्याचा वेग ताशी ४४ किलोमीटरच्या वर गेला होता. असा धावपटू पाय जास्त झपाट्याने हलवत असेल, असे वाटते. पीटर वायँड आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिले, की पूर्ण वेगात असताना पाय मागून पुढे आणायला लागणारा वेळ वेगवान आणि मंद धावणाऱ्यांत फारसा वेगळा नसतो. वेगवान माणूस जमिनीला जास्त जोराने रेटतो, आणि तेही पाऊल टेकल्याच्या सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात. त्यासाठी झटपट आकुंचन पावणारे स्नायुतंतू भरपूर लागतात. या तंतूंमधले अल्फा-ॲक्टिनिन-३ हे प्रथिन जगात सुमारे पाचातल्या एका माणसाच्या शरीरात तयारच होत नाही; चालण्या-फिरण्यात त्याला कधी काही जाणवत नाही, पण अव्वल स्प्रिंटरांत अशी माणसे क्वचितच आढळतात.

स्त्री-पुरुषांच्या धावण्याच्या विक्रमांत साधारण १० ते १२ टक्क्यांचा फरक आहे. आरामाच्या चालीत तो त्याहून कमी, आणि त्यातलाही काही भाग निव्वळ उंचीचा.

दोन्ही वेग जिथे भेटतात

मुंबई मॅरेथॉनचे पहिले धावपटू सव्वादोन तासांच्या आत येतात आणि मागचे सहा-सात तासांनी. सहा तासांचा वेग ताशी सात किलोमीटर, म्हणजे चालावे की पळावे असा प्रश्न शरीराला पडतो नेमक्या त्या जागी. अशा धावपटूने काही मिनिटे पळावे आणि एक मिनिट चालावे, हा सल्ला हौशी गटांत दिला जातो. त्यात कमीपणा मानणारे अनेक आहेत. ऊर्जेच्या हिशेबाने मात्र तो चोख आहे.

पंजाबात जन्मलेले, ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले फौजा सिंग २००३ मध्ये टोरांटोची मॅरेथॉन ५ तास ४० मिनिटांत धावले. सांगितलेले वय ९२. तिथेच २०११ मध्ये, शंभरी गाठल्यावर, त्यांना ८ तास ११ मिनिटे लागली. जन्मदाखला नसल्याने गिनीज बुकात ही नोंद झाली नाही. पहिला वेग ताशी साडेसात, दुसरा पाचच्या थोडा वर : आठ वर्षांत ते त्या सीमेच्या एका बाजूकडून दुसरीकडे आले, आणि शंभराव्या वर्षीही बेचाळीस किलोमीटर तरुणाच्या आरामाच्या चालीने काढले.

साधारणपणे चालीचा वेग साठीपर्यंत फारसा ढळत नाही. त्यानंतर कमी होतो तो मुख्यतः पाऊल आखूड पडू लागल्यामुळे. पोटरीचा मागून मिळणारा रेटा कमी झालेला असतो. वृद्धांच्या तपासणीत म्हणूनच चार मीटरची चाल मोजतात. फरशीवर दोन पट्ट्या, हातात स्टॉपवॉच, ‘नेहमीसारखे चाला’ एवढीच सूचना. पाच सेकंद लागले तर वेग सेकंदाला ०.८ मीटर. अमेरिकेतल्या स्टेफनी स्टुडेन्स्की आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ३४ हजारांहून अधिक वृद्धांची माहिती एकत्र केली, तेव्हा चालीच्या वेगाचा आणि पुढच्या आयुष्याचा स्पष्ट संबंध दिसला. मंद चाल हे आयुष्य घटण्याचे कारण नव्हे. हृदय, सांधे, नजर, मेंदू या सगळ्यांची कसर चालीत एकत्र उतरते.

रस्त्यावर हा आकडा जिवाशी गाठ घालतो. पादचाऱ्यांचा सिग्नल किती सेकंदांचा ठेवायचा, हे ठरवताना अनेक देशांत वेग सेकंदाला १.२ मीटर धरण्याची पद्धत राहिली. १८ मीटरचा रस्ता त्या हिशेबाने १५ सेकंदांत ओलांडला जातो. ०.८ च्या चालीला साडेबावीस लागतात, म्हणजे आजी मधोमध असताना स्कूटरवाले रेस करू लागतात. अमेरिकेने २००९ मध्ये हा आकडा १.०७ वर आणला.

सोबत, गाव आणि चढ

एकटा माणूस आपल्या वेगाने चालतो, दोघे चालू लागले की तडजोड सुरू होते. अमेरिकेतल्या एका छोट्या प्रयोगात पुरुष प्रेयसीबरोबर किंवा पत्नीबरोबर चालताना आपला वेग बराच कमी करताना दिसले, मित्राबरोबर चालताना नाही. हजारोंचा वेग एक करण्याची सर्वांत मोठी रीत महाराष्ट्रात आषाढीच्या वारीत दिसते. दिंडीत पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, विणेकरी, मागे तुळस डोक्यावर घेतलेल्या बायका. पाऊल टाळावर पडते आणि अभंगाच्या लयीपुढे कुणाला जाता येत नाही. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर अशा चालीने सत्तरीची माणसे पार करतात, पुणे ते सासवड या दिवे घाटाच्या लांब मजलेसकट. वेळापूरजवळ ‘धावा’ होतो तेव्हा मात्र हाच समुदाय उतारावरून पळत सुटतो.

शहरांची चाल मोजण्याचे प्रयोगही झाले आहेत. मार्क आणि हेलन बॉर्नस्टाइन यांनी १९७६ मध्ये मांडले, की वस्ती जितकी मोठी तितके लोक भरभर चालतात. पुढे २००७ मध्ये बत्तीस शहरांच्या पाहणीत सिंगापूर पहिले आले : १८ मीटरला साडेदहा सेकंद, म्हणजे ताशी सहाच्या वर. उकाड्याच्या देशात माणसे संथ चालतात, या समजाला विषुववृत्ताजवळचे सिंगापूर छेद देते. पण अशा क्रमवाऱ्या जपून वाचाव्यात. कार्यालयीन भागात दुपारी मोजले तर तरुण आणि घाईतलेच भेटणार.

चढावर सगळे आकडे बदलतात. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा आजही चालतो : ताशी सुमारे पाच किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जास्त. आतकरवाडीतून सिंहगडाची पायवाट तीन किलोमीटरहून थोडी कमी आणि चढ ६०० मीटरच्या आसपास, म्हणजे या हिशेबाने दीड तास. पहिल्यांदा येणाऱ्याला तेवढा लागतो. दर रविवारी चढणारे पुणेकर पाऊण तासात किंवा त्याहून आधी वर पोचून दही खात बसतात. चढावर चालतानाही इंजिन पुरे लागते, म्हणून इथे चालणाऱ्यांतही पळणाऱ्यांएवढीच तफावत दिसते. उतरताना ती पुन्हा कमी होते, कारण तिथे वेग ठरवतात गुडघे, बुटांची पकड आणि पावसाळ्यातला निसरडा दगड.