पानावरचा जिवाणू ‘नवा’ कधी ठरतो?

झाडाचे पान कोरडे, स्वच्छ दिसले तरी त्याच्या एका चौरस सेंटिमीटरवर साधारण 10 लाख ते 1 कोटी जिवाणू असतात. या वस्तीला ‘फायलोस्फिअर’ हे नाव 1955-56 मध्ये लास्ट आणि रुइनेन या शास्त्रज्ञांच्या लेखांतून रुळले. पण पानांवरच्या जिवाणूंना नावे देण्याचे काम त्याच्या बरेच आधी सुरू झाले होते आणि घोळही तिथलाच.

स्युडोमोनास सिरिंगीचे वर्णन 1902 मध्ये लायलॅकच्या रोगट झाडांवरून झाले. लायलॅकचे शास्त्रीय नाव सिरिंगा, म्हणून सिरिंगी. पुढे दुसऱ्या झाडावर तसाच जिवाणू सापडला की त्या झाडावरून नवी प्रजाती जाहीर व्हायची. एकाच जिवाणूच्या वाट्याला डझनावारी नावे आली. 1 जानेवारी 1980 रोजी मान्य नावांची यादी लागू झाली, तेव्हा यातली बहुतेक नावे प्रजाती म्हणून गळाली आणि ‘पॅथोव्हार’, म्हणजे प्रजातीच्या आतला, कोणत्या झाडाला रोग करतो त्यावरून ओळखला जाणारा गट, या पायरीवर गेली. यजमान झाड वेगळे म्हणून जिवाणू वेगळा, हा निकष तिथे मोडीत निघाला, आणि ते योग्यच झाले.

1987 मध्ये डीएनए संकरणाची 70 टक्क्यांची रेषा ठरली: जुळणी त्याखाली असेल तर प्रजाती वेगळी. दोन जिवाणूंचे डीएनए तापवून धागे सुटे करायचे, एकत्र थंड करायचे आणि किती जुळतात ते मोजायचे. अडचण अशी, की प्रत्येक जोडी नव्याने तपासावी लागे आणि प्रयोगशाळा बदलली की आकडा हलत असे. सगळ्या जिवाणूंत असणाऱ्या, साधारण 1,500 अक्षरांच्या 16एस जनुकाने काम सोपे केले. 1994 मध्ये या जनुकातल्या साम्याची 97 टक्क्यांची रेषा सुचवली गेली, पुढे ती 98.7 च्या आसपास सरकली. त्या रेषेखालचा जिवाणू वेगळा, हे निश्चित. वरचा तोच, असे मात्र म्हणता येत नाही. स्युडोमोनास आणि मिथायलोबॅक्टेरियम या पानांवर नेहमी भेटणाऱ्या गटांत 99 टक्क्यांहून जास्त साम्य असूनही प्रजाती वेगळ्या निघतात. म्हणून आता संपूर्ण जनुकसंच वाचून सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य काढतात. जिवाणू नवा ठरायला ते 95-96 टक्क्यांच्या खाली हवे.

पण त्याआधी जिवाणू हातात यावा लागतो. पेशीभित्तिकेतल्या पेक्टिनमधून पान मिथेनॉल सोडते आणि मिथायलोबॅक्टेरियम त्यावर जगतो. म्हणून कार्बनचा एकमेव स्रोत म्हणून सुमारे 0.5 टक्का मिथेनॉल असलेल्या आगरच्या (जिवाणू वाढवायच्या जेलीच्या) प्लेटवर पान हलके दाबून उचलतात. बुरशी माजू नये म्हणून सायक्लोहेक्झिमाइड घालतात. आठवड्याभराने पानाचा आकार गुलाबी ठिपक्यांनी उमटतो. दोन दिवसांत प्लेट टाकून दिली, तर हातात फक्त झपाट्याने वाढणारे जिवाणू येतात. वसाहत निदान तीनदा पुन्हा स्ट्रीक करावी, म्हणजे नव्या प्लेटवर रेघा ओढून सुटी करावी. एकीत दोन जिवाणू मिसळलेले राहिले तर जनुकसंच भेसळीचा निघतो आणि पुढची सगळी मोजमापे वाया जातात. पानातून थेट डीएनए काढला तर वेगळाच फटका बसतो: हरितलवकाचा उगम सायनोबॅक्टेरियातला, त्यामुळे जिवाणूंऐवजी त्याचेच 16एस भरभरून मिळते. ते टाळायला 799एफ हा प्रायमर (जनुकाच्या प्रती काढायला सुरुवात करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा) वापरतात.

शेवटची अट कागदी वाटते, पण वर्णने तिथेच अडकतात. 2001 पासून प्रारूप स्ट्रेन, म्हणजे ज्या नमुन्याला नाव बांधलेले असते तो वाण, दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत जिवंत, कोणालाही मागवता येईल अशी जमा केल्याशिवाय नाव वैध होत नाही. गोठवून सुकवलेली कुपी उघडल्यावर वाढ आली नाही, तर जिवाणू पुन्हा वाढवून नव्याने पाठवावा लागतो.