वायुचालित अर्धस्वयंचलित बंदूक : निगा व दुरुस्ती

गुळगुळीत नळीच्या, छर्‍यांचे काडतूस वापरणाऱ्या ज्या बंदुकीत दारूच्या ज्वलनातून निघणाऱ्या वायूचा थोडा अंश नळीतील बारीक छिद्रांवाटे वळवून त्याच्या दाबाने रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते व पुढचे आत घेतले जाते, ती वायुचालित अर्धस्वयंचलित बंदूक. प्रत्येक बारासाठी चाप नव्याने ओढावा लागतो, म्हणून ती ‘अर्ध’स्वयंचलित.

पहिली बंदूक कोणती, याविषयी एकमत नाही. फ्रान्समधील सेंट-एत्येनच्या क्लेअर बंधूंनी 1890 च्या सुमारास वायूवर चालणारी शिकारी बंदूक सिद्ध केली, असे त्यांच्या बाजूने सांगितले जाते. अमेरिकेत जॉन मोझेस ब्राउनिंग 1889 पासून वायूच्या दाबाचे प्रयोग करीत होता, पण त्यांचे फळ म्हणजे कोल्टची 1895 ची मशीनगन. त्याची नावाजलेली ऑटो-5 (बेल्जियममधील एफएन कारखाना, 1902 पासून) नळी व बोल्ट (काडतुसामागून नळी बंद करणारा सरकता भाग) एकत्र मागे सरकण्याच्या तत्त्वावर चालते. तिला या वर्गात धरणे बरोबर नाही. बाजारात रुळलेल्या बंदुकांपुरते बोलायचे, तर 1950 च्या दशकाच्या मध्यास हाय स्टँडर्ड या बंदूक कंपनीने सीअर्स या अमेरिकन विक्री-कंपनीसाठी केलेली ‘जे. सी. हिगिन्स 60’ आणि रेमिंग्टनची ‘स्पोर्ट्समन 58’ या दोन्ही जवळजवळ मागोमाग आल्या. मान बहुधा हिगिन्सला दिला जातो व तोच अधिक ग्राह्य वाटतो. मात्र निगेच्या दृष्टीने रेमिंग्टनची 1100 (1963) महत्त्वाची. पुढील वर्णन मुख्यतः तिचेच आहे.

या रचनेत वायूच्या दाबाने सरकणारा दट्ट्या नळीखालच्या, काडतुसे साठवण्याच्या नळकांड्यावर बाहेरून बसतो. वायूबरोबर काजळी आणि न जळलेल्या दारूचे कण तेथेच साचतात. सफाईपूर्वी बंदूक रिकामी असल्याची खात्री डोळ्यांनी व बोटाने करून घेतात. मग टोकाची टोपी फिरवून पुढची लाकडी मूठ व नळी काढतात. नळकांड्यावरील खाचेतली रबरी कडी आधी हलक्या हाताने सोडवतात, नंतर दट्ट्या व त्याची पोलादी कडी. जोडताना क्रम व दिशा चुकली तर वायू निसटतो. नळकांडे द्रावकाने पुसून कोरडे करावे. तेलाचा हात केवळ गंज रोखण्यापुरता. जास्त तेल काजळीशी मिसळून चिकट लगदा होतो, आणि ‘भरपूर तेल घाला’ ही दुनळी बंदुकीवर वाढलेल्यांची सवय येथे नडते.

बंदूक काडतूस पुरते फेकत नसेल, तर संशय प्रथम रबरी कडीवर घ्यावा. ती तडकली किंवा कडक झाली की दाब अपुरा पडतो. हा सर्वांत स्वस्त व सर्वांत वारंवार बदलावा लागणारा भाग. त्याखालोखाल नळीतील छिद्रे तुंबणे. ती मोकळी करावीत, रुंदावू नयेत. रुंदावल्यास बोल्ट जोराने आदळून इतर भाग झिजतात. 3 इंची मॅग्नम (अधिक जोरदार) काडतुसांसाठी केलेली नळी 2¾ इंची हलक्या काडतुसांवर अडखळते, तो बिघाड नव्हे. दस्त्याच्या आतील नळीत परतीची स्प्रिंग असते. दस्ता काढल्याशिवाय ती दिसत नाही, त्यामुळे ओल लागून ती गंजलेली असते तेव्हा दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो. काडतूस ओढणारा आकडा झिजला असेल तर बदलतात.

1987 च्या रेमिंग्टन 11-87 मध्ये जादा वायू आपोआप सोडून देण्याची सोय आली. बेनेली एम4 मध्ये नळीखाली दोन छोटे दट्टे असून ते बहुतांशी स्वतःच स्वच्छ राहतात.

भारतात शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 नुसार शस्त्रदुरुस्तीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही.