धाब्याचं घर (खान्देश)

धाब्याचं घर म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर, खान्देशात म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारकडे गावोगाव आणि मळ्यांतही दिसायचं. लोक याला मातीचं घर म्हणतात पण खरं घर लाकडाचं असतं, माती फक्त अंगावर असते. दगडी तळखड्यावर सागाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या (बारीक वासे), आणि सगळं वजन खांबांवर असल्यामुळे एखाद्या पावसाळ्यात भिंत बसली तरी छत जागच्या जागी राहतं, भिंत नंतर बांधता येते. घर मोजायचं ते खणात, दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. साग सातपुड्यातला, ज्याला परवडत नसे तो निंब किंवा बाभूळ वापरायचा.

कड्यांवर किलचा म्हणजे लाकडाच्या बारीक चिपा, त्यावर पऱ्हाट्या (कापसाच्या काड्या) किंवा तुराट्या (तुरीच्या काड्या), मग निंबाचा पाला (वाळवी लागू नये म्हणून), त्यावर चिखल आणि सगळ्यात वर खारी माती. ही खारी फार हुशार माती आहे, पहिलं पाणी पडलं की फुगते आणि स्वतःची छिद्रं स्वतःच बुजवते, शिवाय क्षारामुळे तिच्यात गवत फारसं उगवत नाही. आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की धाब्यावर नवी खारी टाकायची, उतार नीट करायचा, पन्हाळी साफ करायच्या, हे दरवर्षीचं काम आणि एक वर्ष चुकवलं तर घर गळणारच. इथे पाऊस बेताचा म्हणून हे छत टिकतं, कोकणात दोन दिवस टिकणार नाही. उजेडाला आणि चुलीच्या धुराला छतातच सानं म्हणजे एक भोक ठेवलेलं असतं, पाऊस आला की वर चढून ते झाकायचं.

भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा आत गारवा असतो आणि रात्री सगळे धाब्यावर झोपतात. बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया, मिरच्या वाळवायच्या त्याही तिथेच.

1958 च्या केंद्रीय कायद्यात प्राचीन स्मारक म्हणायला किमान 100 वर्षं लागतात. काही धाबी तेवढी जुनी नक्की असतील पण घर कधी बांधलं हे कोणी लिहूनच ठेवलेलं नसतं, आजोबांच्या आजोबांनी बांधलं एवढंच सांगतात. स्लॅब टाकायचा म्हटलं की आधी साग विकला जातो कारण जुन्या सागाला भाव चांगला, आणि लाकूड गेलं की घर गेलं. आमच्या मळ्यातल्या धाब्याचा मधला खांब तेवढा ठेवलाय, कमरेच्या उंचीवर ताकाच्या रवीच्या दोरीने त्याला बोटभर खोल खाच पडलीय, हात फिरवला तर काचेसारखी गुळगुळीत लागते.